जोंगाला हीटर बसवायचा आहे? सुरुवात इंजिनापासून करा

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी लष्कराच्या लिलावातून आलेली पेट्रोल इंजिनाची जोंगा, म्हणजे लष्करासाठी बनवलेली जीपसारखी गाडी, घेतली आहे. गाडीला कॅनव्हासचा टप आहे, दारेही अर्धी कॅनव्हासचीच आहेत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पत्नी आणि दोन मुलांसह मनालीमार्गे लेहला आणि तिथून ‘खारदुंग ला’ या खिंडीत जायचा त्यांचा बेत आहे. आत ऊब हवी म्हणून त्यांनी तिघांना विचारले. एकाने डिझेलवर चालणारा स्वस्तातला हीटर सुचवला, दुसऱ्याने सायलेन्सरच्या पाइपाभोवती पत्र्याची पेटी करून तिच्यातली गरम हवा आत घ्यायला सांगितले, आणि तिसऱ्याने दुसऱ्या गाडीचा पाण्यावरचा, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा, हीटर बसवून देतो म्हणून सांगितले. यांपैकी कोणते खरे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी लष्कराच्या ईएमई या यंत्रे-वाहने सांभाळणाऱ्या दलात वाहनांच्या दुरुस्तीचे काम केले, त्यातली काही वर्षे लडाखमध्ये काढली, आणि निवृत्तीनंतर पुण्यात जुन्या जीप आणि जोंगा यांचेच काम करतो. या अनुभवावरून सांगतो की प्रश्न ‘कोणता हीटर’ असा दिसत असला, तरी खरी अडचण वेगळीच असते. माझ्याकडे ‘हीटर चालत नाही’ म्हणून येणाऱ्या जुन्या लष्करी गाड्यांपैकी बहुतेकींत हीटर ठीकच असतो. इंजिन पुरेसे गरम होत नसते, किंवा झालेली ऊब टपाच्या फटींतून निघून जात असते. त्यामुळे आधी इंजिन, मग फटी आणि शेवटी हीटर असा क्रम मी ठेवतो, आणि उत्तरही त्याच क्रमाने देतो. आपल्या गाडीची आजची अवस्था मी पाहिलेली नाही, म्हणून जिथे निर्णय त्या अवस्थेवर अवलंबून आहे, तिथे काय तपासायचे ते सांगतो.

जोंगा म्हणजे निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीचा भारतीय अवतार. १९६९ पासून ती जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनू लागली, आणि तिचे नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून आले. तिचे सहा सिलिंडरचे, ३९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन पोटात भरपूर पाणी फिरवते आणि भरपूर उष्णता बाहेर टाकते. चार माणसांच्या केबिनला लागणारी ऊब या इंजिनाकडे फुकट पडून आहे. ती तिथून आत कशी आणायची एवढाच प्रश्न उरतो. आपल्या गाडीत मागाहून डिझेल इंजिन बसवले गेले असते तर गणित थोडे बदलले असते, कारण डिझेल इंजिन संथ चालीत लवकर तापत नाही. पण आपण पेट्रोल इंजिन म्हणता, म्हणून ते बाजूला ठेवतो.

आता पहिली तपासणी. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करा आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड होज पाइपवर हात ठेवा. पंख्यापासून बाही सांभाळा. इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) असेल आणि तो नीट चालत असेल, तर हा पाइप काही मिनिटे थंडच राहील आणि मग एकाएकी चटका बसावा इतका तापेल. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे असे समजा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला उपाय म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकण्याची जुनी सवय आहे. मैदानी प्रदेशात त्याचे दुष्परिणाम सहसा जाणवत नाहीत. थंडीत मात्र अशा इंजिनाचे पाणी पन्नास-साठ अंशांच्या वर चढतच नाही आणि जगातला कुठलाही हीटर त्या पाण्यातून केबिन गरम करू शकत नाही. शिवाय इंजिन थंड राहिले की चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. तेव्हा नवा थर्मोस्टॅट आणा. बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात दोरीने टांगून पाणी तापवा, आणि तो किती अंशांना उघडतो ते स्वयंपाकाच्या थर्मामीटरने पाहा. बहुतेक वेळा आकडा ८२ च्या आसपास येतो.

८२ हा आकडा लक्षात ठेवा, कारण उंचीवर तो महत्त्वाचा ठरतो. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ८८ अंशांना उकळते. खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळू लागते. म्हणजे रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडण्याच्या सुमारासच पाणी उकळेल. बाहेर बर्फ असताना रेडिएटरमधून वाफ निघताना मी स्वतः पाहिली आहे. तेच झाकण दर चौरस इंचाला सात पौंडांचा दाब नीट धरत असेल, तर त्याच खिंडीत उकळबिंदू पुन्हा शंभराच्या आसपास येतो. म्हणून झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपासा, गरज पडल्यास झाकण बदला. मात्र मूळ झाकणावर कोरलेल्या आकड्यापेक्षा जास्त दाबाचे झाकण लावू नका, कारण जुन्या पितळी रेडिएटरचे डाग देऊन जोडलेले सांधे त्या दाबाने सुटतात. पाण्याऐवजी कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळा. हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, वरच्या टोकाचा उकळबिंदूही थोडा वाढवते, आणि मुख्य म्हणजे रात्री वाटेत सरचूला गाडी उभी असताना इंजिनाचा ब्लॉक फुटण्याची भीती उरत नाही.

दुसरी गोष्ट फटींची. इथे एक हिशेब मांडून दाखवतो, कारण त्यावाचून टपाचे महत्त्व पटत नाही. जोंगाच्या आतली जागा सुमारे तीन घनमीटर धरू. बाहेर उणे १५, आत १५ अंश हवे आहेत आणि उंची लेहएवढी आहे. आतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलली जात असेल, तर ती तापवायला सुमारे १.३ किलोवॅट उष्णता लागते. कॅनव्हास फडफडत असेल, पायांजवळ पेडलांची भोके उघडी असतील आणि हवा मिनिटाला पाच वेळा बदलत असेल, तर हा आकडा साडेसहा किलोवॅटच्या पुढे जातो. त्यावर कॅनव्हासच्या कापडातून जाणारी उष्णता वेगळीच. सामान्य प्रवासी गाडीचा पाण्यावरचा हीटर चारेक किलोवॅटचा असतो. म्हणजे पहिल्या स्थितीत तो उरून पुरेल आणि दुसऱ्या स्थितीत काम त्याच्या आवाक्याबाहेर जाईल. फरक हीटरमुळे पडत नाही, टपामुळे पडतो.

म्हणून टपाच्या आतून ब्लँकेटच्या जाड कापडाचे अस्तर बटणांनी लावून घ्या. पेडल, गिअरचे दांडे आणि स्टीअरिंगचा खांब जिथून फ्लोअरमधून आत येतात, तिथले रबरी बूट आणि पट्ट्या नव्या घाला. दारांच्या कॅनव्हासची कड खालच्या पत्र्यावर तीन-चार इंच उतरेल अशी शिवून घ्या. फ्लोअरवर जाड रबरी मॅट आणि त्याखाली नमदा घाला. कोल्हापुरात चामड्याचे आणि कॅनव्हासचे काम करणारे हात उत्तम आहेत, हे काम तिथेच करून घ्या. माझ्या अनुभवात या कामानंतर निम्म्या लोकांना छोटा हीटर पुरतो. रेडिएटरच्या पुढे लावायला कॅनव्हासचा एक पडदाही शिवून घ्या. तो वरून खाली गुंडाळता यावा, म्हणजे चढावर उघडता येईल आणि उतारावर बंद करता येईल. लांब उतारावर इंजिन इतके थंड होते की या पडद्याशिवाय हीटरमधून गार वारा येऊ लागतो.

आता तीन सल्ल्यांपैकी कोणता घ्यावा ते सांगतो. सायलेन्सरभोवतीच्या पेटीचा विचार सोडून द्या. त्यात दुमत नसावे. एक्झॉस्टच्या पाइपला केसाएवढी चीर पडली तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू थेट मुलांच्या तोंडाशी येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे आधीच प्राणवायू कमी. सर्वांत वाईट म्हणजे या विषबाधेची लक्षणे आणि उंचीच्या त्रासाची लक्षणे सारखीच असतात. डोके दुखणे, मळमळ, झोप, चिडचिड. एका ग्राहकाच्या जोंगाबरोबर मी लेहला गेलो होतो तेव्हा त्यांच्या मुलीला वाटेत डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांनी उंचीला दोष दिला. मला शंका आली, कारण मुलगी गाडीतून बाहेर उतरली की तिला बरे वाटू लागायचे. गिअरच्या दांड्याभोवतीचा रबरी बूट उचलला, तेव्हा त्याला बोटभर चीर होती आणि चिरेच्या कडेवरून बोट फिरवल्यावर काळी काजळी लागली. खाली मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा ओतीव भाग) आणि पाइप यांच्या सांध्याचे पॅकिंग जळलेले होते. म्हणून एक्झॉस्टचा प्रत्येक सांधा नवा करून घ्या, त्याचे टोक गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेर न्या, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत बसवा. आणि कितीही कोंदट वाटले तरी धावत्या गाडीत फक्त मागचा पडदा उघडा ठेवू नका. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी पडतो आणि धूर तिथून आत ओढला जातो. हवा हवी असेल तर पुढची काच किंवा दाराचा पडदा जरा उघडा.

डिझेलवरच्या हीटरला मी सरसकट नाही म्हणत नाही. इंजिन बंद ठेवून गाडीतच रात्र काढायची असेल तर तोच एक शहाणा पर्याय आहे, कारण इंजिन चालू ठेवून झोपणे मी कोणालाही करू देणार नाही. पण आपण मुक्काम हॉटेलात करणार असाल, तर आपल्याला त्याची गरज नाही. अशा हीटरला पेट्रोलच्या गाडीत डिझेलची वेगळी टाकी लागते. ती कोल्हापुरात भरलेली असेल तर तिथले डिझेल लडाखच्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊ लागते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल याच कारणासाठी आणले. दुसरे असे की विरळ हवेत या हीटरला ज्वलनासाठी पुरेसा प्राणवायू मिळत नाही. तो डिझेल मात्र तेवढेच घेत राहतो, म्हणून ज्वलनकक्ष काजळीने भरतो. उंचीनुसार डिझेलचे प्रमाण कमी करणारी सोय असलेलाच हीटर तिथे टिकतो, आणि बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त हीटरांत ती सोय असतेच असे नाही.

राहिला पाण्यावरचा हीटर. आपल्याला मी तोच बसवायला सांगेन. जिप्सी, ओम्नी किंवा बोलेरोचा जुना हीटर कोर (ज्यातून गरम पाणी फिरते तो छोटा रेडिएटर) आणि ब्लोअर (त्यावरून हवा ढकलणारा पंखा) सुट्या भागांच्या बाजारात मिळतो. कोर घेताना तो दाब देऊन, पाण्यात बुडवून गळतो का ते पाहा. बसवण्यापूर्वी मात्र इंजिनाचे पाणी पूर्ण साफ करा. एकदा एका जोंगाला मी नवा कोर घातला आणि पंधरा दिवसांत गाडी परत आली. कोर बाहेर काढून कापला, तेव्हा आत तपकिरी, बोटाला चिकटणारा गाळ ठासून भरला होता. चाळीस वर्षांचा गंज इंजिनाच्या ब्लॉकमध्ये शांत पडून होता आणि नव्या कोरच्या बारीक नळ्यांनी चाळणीसारखे काम केले होते. तेव्हापासून मी आधी ब्लॉकची बुचे काढून पाणी वाहते करतो आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीन वेळा उलट्या दिशेने धुतो, मगच हीटर जोडतो.

गरम पाणी इंजिनाच्या हेडमधून, थर्मोस्टॅटच्या अलीकडून घ्यायचे, आणि परतीचे वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला किंवा रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये सोडायचे. थर्मोस्टॅटच्या पलीकडून पाणी घेतले तर तो उघडेपर्यंत हीटर थंडच राहतो. हेडला किंवा थर्मोस्टॅटच्या घरट्याला बऱ्याचदा बुचाने बंद केलेली जागा असते. आपल्या इंजिनावर ती कुठे आहे ते घाण खरवडून शोधा. बूच सुटत नसेल तर जोर लावू नका, आधी तापवून पाहा. पाइप १६ मिलिमीटर आतील व्यासाचे, उष्णता सोसणारे रबरी हीटर होजच वापरा आणि मॅनिफोल्डपासून हातभर दूर न्या. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, जाताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी) घाला. गरम पाण्याच्या बाजूला बंद करता येईल असा कॉक बसवा. कोल्हापूरच्या मे महिन्यात तो पूर्ण बंद करावा लागेल. तोच कॉक घाटात इंजिन तापले तर पूर्ण उघडून ब्लोअर लावा, थोडी उष्णता तिथून निघून जाते आणि गाडी थांबवेपर्यंत वेळ मिळतो. जोडताना गरम पाणी कोरच्या खालच्या नळीत आणि परतीचे वरच्या नळीतून काढा, म्हणजे हवा अडकत नाही. कूलंट भरताना गाडी नाक वर करून उतारावर उभी करा आणि कॉक उघडा ठेवा. हीटरमुळे पाणी सुमारे एक-दीड लिटर जास्त मावेल, तेवढे दोन दिवसांनी पुन्हा पाहून भरा.

आतल्या भागात लोकांची सर्वांत मोठी चूक ब्लोअर हवा कुठून घेतो यात होते. बॉनेटखालून, इंजिनाच्या बाजूने हवा घेऊ नका, कारण मग वर सांगितलेला वायू आणि पेट्रोलची वाफ दोन्ही आत येतील. काचेखालच्या पत्र्यातून बाहेरची ताजी हवा घेता आली तर उत्तम. केवळ आतलीच हवा फिरवली तर चार माणसांच्या श्वासाचे बाष्प सपाट काचेवर धरते आणि पहाटे तिचा आतून बर्फ होतो. म्हणून ब्लोअरच्या हवेचा निम्मा वाटा पन्नास मिलिमीटरच्या लवचीक नळीने काचेच्या खालच्या कडेवर आणून, तिथे चपटे तोंड करून सोडा. मागे बसणाऱ्या मुलांना जरा कमी ऊब मिळाली तर गोधडीने भागते, पण ड्रायव्हरला रस्ता दिसला पाहिजे.

विजेचे काम लहान आहे, पण घाईने करू नये. लष्करी गाड्यांत पुष्कळदा २४ व्होल्टची व्यवस्था असते आणि नागरिकांच्या हातात आल्यावर कोणी ती १२ ची करून घेतलेली असते, तेव्हा बॅटरीच्या टोकांवर मीटर लावूनच ठरवा. २४ निघाले आणि ब्लोअर १२ चा असेल, तर दोनपैकी एकाच बॅटरीला तो जोडू नका. ती बॅटरी अर्धवट उतरत राहते आणि दुसरी जास्त भरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. ब्लोअर पूर्ण वेगाने साधारण सहा ते आठ अँपिअर घेतो, म्हणून त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्या. गाडीला अजून जुना डायनॅमो असेल तर संथ चालीत तो जवळपास काहीच भरत नाही, हे लक्षात ठेवून थांबलेल्या गाडीत ब्लोअर कमी वेगावर ठेवा.

एक विनंती मनापासून करतो. ही गाडी सैनिकांनी वापरलेली आहे आणि तिच्यासारख्या मूळ अवस्थेतल्या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. फायरवॉलला नवी भोके पाडण्याआधी रबरी बुचांनी बंद केलेली जुनी भोके शोधा, ती बहुधा पुरतात. हीटरची पेटी डॅशला छिद्र पाडून लावण्यापेक्षा, आधीच्या बोल्टांवर पट्टी टाकून टांगा. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवा. दहा वर्षांनी कोणी गाडी मूळ रूपात आणायची ठरवली, तर एका रविवारात हीटर उतरवता आला पाहिजे.

हे सर्व झाल्यावर लेहच्या आधी डिसेंबर किंवा जानेवारीत महाबळेश्वरला एक रात्र जा आणि पहाटे पाचला थंड गाडी सुरू करून निघा. वीस मिनिटांनी ब्लोअरच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. पन्नास अंशांच्या आसपास हवा येत असेल तर काम जमले. तीस-पस्तीसच असेल तर आधी पुन्हा थर्मोस्टॅट पाहा, मग कोरमध्ये हवा अडकली आहे का ते पाहा. याच प्रवासात अलार्म चालू ठेवा आणि त्यावरचा आकडा शून्याच्या वर जातो का ते वाटेत बघत राहा. आणि टूलबॉक्समध्ये तांब्याच्या नळीचा वीतभर लांब, इंग्रजी यूसारखा वाकवलेला, १६ मिलिमीटरचा एक तुकडा, होज आवळायच्या चार जुबिली क्लिपा आणि दोन लिटर कूलंट ठेवा. खिंडीत कोर गळू लागला, तर इंजिन थंड होऊ द्या, दोन्ही होज कोरवरून काढून या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि कमी झालेले कूलंट भरा. ऊब जाईल, पण गाडी खाली उतरेल.